बजबजपुरीची पंगत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही १९७९ साली नोकरीतील बदलीने येथे आलो, तेव्हा पुण्याच्या आमच्या आतेबंधूंस नवा पत्ता पत्राने कळविला. उलट टपाली त्यांचे कार्ड आले. त्यात क्षेमकुशल नव्हते. एकच प्रश्न होता : 'बजबज हे गावाचे नाव आहे, की वर्णन?' मराठी कानाला 'बजबज' म्हटले की पुढचे 'पुरी' आपोआप ऐकू येते. गर्दी, गोंधळ आणि चिखल ह्यांचे मिळून आपल्या भाषेत जे एक नाव आहे, तेच एखाद्या नगरपालिकेने १९०० सालापासून पाटीवर मिरवावे ह्याचे त्यांना नवल वाटले. पहिले काही महिने ते नाव आम्हांसही जरा खरेच वाटत होते, हे कबूल केले पाहिजे. आज त्याच बजबजपुरीत कोठे खावे आणि काय प्यावे हे सांगण्यासाठी आपण आम्हांस उभे केले आहे. पानशेतच्या पुरानंतरच्या पुण्यात मिसळ कोठे चांगली मिळते हे सांगण्यास जितका आनंद होईल, तितक्याच आनंदाने आम्ही हे काम पत्करले.

विषय समितीने सुचविला, त्यास कारण आहे. जिंजिराबाजारपासून बाटानगरपर्यंतचा लांबलचक उड्डाणपूल २०१९ साली खुला झाला आणि कलकत्त्याच्या दृष्टीने पूर्वी 'त्या टोकाला' असलेला हा भाग एकाएकी जवळ आला. बाटानगरच्या नदीकाठी उंच इमारती उभ्या राहिल्या. आपल्या मंडळाच्या पत्त्यांच्या यादीतही तिकडची घरे दिसू लागली आहेत. ह्या घरांतील तरुण जोडपी आम्हांस भेटली की विचारतात, 'काका, इथे आसपास खाण्यासारखे काही आहे का?' आम्ही म्हणतो, 'आहे; पण आधी इथे कोण कोण जेवले ते ऐका.' खाद्यपदार्थांची यादी देण्यापूर्वी खाणाऱ्यांची यादी द्यावी, असे आमचे मत आहे. कोणत्याही गावात काय शिजते, हे तेथे कोण कामाला आले त्यावरून ठरते.

बजबज हे हुगळीच्या पूर्व काठावरचे गाव. शियालदहून येणारा लोहमार्ग येथे संपतो. तो १८९० साली सुरू झाला. काठाने तागाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. बंगालीत त्यांस 'चटकल' म्हणतात. शेजारीच राकेलाचे व पुढे पेट्रोलचे साठे झाले. गिरण्यांत बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, ओरिसा आणि आंध्र येथून माणसे आली. तेलाच्या धंद्यामुळे आपल्यासारखी काही मराठी कुटुंबे आली. कारण १९७४ ते १९७६ च्या सुमारास सरकारी मालकीच्या झालेल्या दोन तेल कंपन्यांच्या मुख्य कचेऱ्या मुंबईस होत्या आणि बदलीचा हुकूम मराठी माणसास बंगालचा उपसागर दाखवू शकत असे. थोडक्यात, येथला प्रत्येकजण कोणाच्या तरी घरून जेवण सोडून आलेला आहे.

'काय प्यावे' ह्या प्रश्नास तर येथे मोठा इतिहास आहे. १७५६ च्या डिसेंबरात क्लाइव्ह आणि अॅडमिरल वॉटसन कलकत्ता परत घेण्यास निघाले, तेव्हा वाटेत बजबजचा किल्ला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी हल्ला करावयाचा असे ठरून सारे निजले. स्ट्रॅहन नावाच्या एका खलाशास मात्र मद्याने झोप लागेना. तो एकटाच खंदक ओलांडून तटावर चढला आणि किल्ला आपला झाला असे ओरडू लागला. त्याच्या मागून बाकीचे धावले आणि किल्ला पडला. शिस्तभंगाबद्दल त्याची कानउघाडणी झाली, तेव्हा ह्यासाठी फटके मारणार असाल तर पुन्हा म्हणून एकट्याने किल्ला घेणार नाही, अशी त्याने शपथ वाहिली, असे त्या मोहिमेच्या इंग्रज वृत्तांतकारांनी नमूद केले आहे. ह्या परंपरेचे अनुकरण करण्याची शिफारस आम्ही करीत नाही. आमची शिफारस चहाची आहे.

तो स्टेशनाबाहेर प्यावा, सकाळी साडेसहाच्या सुमारास. मातीच्या ज्या लहान पेल्यात तो मिळतो त्यास येथे 'भांड' म्हणतात. आपले भांडे घासून पुन्हा वापरावयाचे असते, ह्यांचे भांड एकदा पिऊन फेकावयाचे असते, एवढाच फरक. भाजलेल्या मातीचा वास चहात उतरतो आणि दोन घोटांत चहा संपतो. म्हणून दोन घ्यावेत. १९ फेब्रुवारी १८९७ च्या सकाळी, पश्चिमेहून परतलेले स्वामी विवेकानंद ह्याच गावी जहाजातून उतरून खास गाडीने शियालदला गेले. त्यापूर्वी १८९२ साली पुण्यास लोकमान्यांच्या घरी त्यांनी पाहुणचार घेतला होता. दोन्ही प्रांतांचा पाहुणचार चाखलेला माणूस आपल्या आधी ह्या फलाटावर उभा होता, हे चहा पिताना आठवले तर चहा बिघडत नाही.

त्याच स्टेशनाचे आजचे नाव 'कोमागातामारू बजबज' असे आहे. २०१३ साली ते बदलले. त्यामागील हकीकत आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. १९१४ साली ३७६ हिंदी प्रवासी घेऊन हे जहाज कॅनडात व्हँकूव्हरला गेले. त्यांतील बहुतेक शीख होते. त्यांतील फारच थोड्यांना उतरू दिले. दोन महिने जहाज बंदरात उभे होते आणि त्यावरील माणसे अन्नपाण्यास मोताद झाली. अखेर ते परत फिरले आणि २९ सप्टेंबर १९१४ रोजी बजबजला लागले. येथे सरकारला त्यांना परस्पर पंजाबच्या गाडीत बसवावयाचे होते. त्यांना कलकत्त्यास जावयाचे होते. गोळीबार झाला आणि वीसच्या आसपास प्रवासी मारले गेले. त्यांचे स्मारक स्टेशनाजवळ आहे. १९५२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. खाण्यापिण्याच्या भाषणात हा प्रसंग आम्ही मुद्दाम आणला. परक्या माणसास पाणी विचारणे वा न विचारणे, ह्यावर त्या गावाची आणि त्या देशाची पुढे आठवण राहते. चहा घेतल्यावर पाच मिनिटे तेथे उभे राहावे आणि मग नाश्त्यास जावे.

नाश्ता मिठाईच्या दुकानात करावयाचा, हे नव्या माणसास चमत्कारिक वाटते. परंतु बंगाल्यात सकाळची कचुरी मिठाईवालाच तळतो. आपल्याकडील खुसखुशीत कचोरीशी हिचा संबंध नाही. ही पुरीसारखी फुगते, आत उडदाच्या डाळीचे व हिंगाचे पातळसे सारण असते, आणि बरोबर शालपत्राच्या द्रोणात साल न काढलेल्या बटाट्याची रसभाजी. हिवाळ्यात सारण ताज्या मटारचे होते. त्या दोन महिन्यांत पाहुणे बोलवावेत. शेवटी एक गरम जिलिपी. बजबजच्या मुख्य रस्त्यावर किंवा चडियालच्या बाजारात अशी कित्येक दुकाने आहेत. त्यांतील कोणते उत्तम, ह्याची खूण एकच : आठ वाजता जेथे उभे राहावयास जागा नसते ते.

चटकलीच्या दाराशी मात्र वेगळा देश सुरू होतो. पाळी सुटण्याच्या वेळी तेथे सत्तूची गाडी उभी असते. आपल्या घरी सातूचे पीठ गूळदूध घालून मुलांना देत; बिहारचा सत्तू भाजलेल्या चण्याचा, आणि तो पाणी, मीठ, लिंबू, कांदा व हिरवी मिरची घालून मोठ्या पेल्यात ढवळून देतात. उन्हाळ्यात त्याच्यासारखे पेय नाही. पोट भरते आणि ऊन उतरते. संध्याकाळी तेथेच निखाऱ्यांवर लिट्टी भाजली जाते आणि वांग्याबटाट्याचा चोखा मिळतो. तो खाल्ल्यावर खानदेशी भरताची आठवण येते. तेलुगू कामगारांच्या वस्तीजवळ इडल्या मिळतात. एकाच रस्त्यावर पाटणा, राजमहेंद्री आणि हावडा एकमेकांना खेटून बसलेले असतात, आणि त्यासाठी कोणी राष्ट्रीय एकात्मतेचे भाषण केलेले नसते.

आता दुपारच्या जेवणाकडे वळतो, आणि येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत.

'भातेर हॉटेल' म्हणजे भाताचे हॉटेल, आपली खानावळच. कलकत्त्यात जुन्या अशा भोजनगृहांस 'पाइस हॉटेल' म्हणत. जिन्नसागणिक पैसे मोजावयाचे, इतके की पान आणि लिंबाची फोडही वेगळी लावीत. लाकडी बाक, ओले टेबल, भिंतीवर फळा आणि फळ्यावर त्या दिवशीचे मासे. आपल्याकडे पान वाढले की मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी सारे आपापल्या जागी येऊन बसते आणि खाणारा हवे तिकडे हात घालतो. बंगाली जेवण तसे नाही. ते एकामागून एक येते. प्रथम कडू : कडुनिंब-वांगे किंवा शुक्तो. मग डाळ आणि सोबत काहीतरी तळलेले. मग भाजी, मग मासळी, मग गोडआंबट चाटनी, आणि सर्वांत शेवटी मिठाई. प्रत्येक जिन्नसास भाताचा स्वतंत्र घास. सगळे एकत्र कालविणाऱ्या माणसाकडे शेजारचा गिऱ्हाईक दुःखाने पाहतो. ते दुःख आम्ही पुष्कळांस दिले आहे.

शाकाहारी कुटुंबांनी घाबरू नये. मात्र काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. 'निरामिष' म्हणून विचारावे. जुन्या रीतीचे निरामिष कांदालसणाशिवाय असते, तेव्हा आपल्या चातुर्मासातही चालावे. डाळ घेताना मात्र आधी विचारावे, कारण तीत माशाचे डोके शिजविण्याची येथे आवड आहे. केळफुलाचे 'मोचार घंट' कोकणातल्या माणसास परके वाटणार नाही. कोवळ्या फणसाच्या भाजीस 'गाछपाँठा', म्हणजे झाडाला लागलेले बकरे, म्हणतात, आणि ती खाल्ल्यावर हे नाव पटते. खसखशीत शिजविलेला बटाटा, 'आलू पोस्तो', हा तर खसखशीची खीर करणाऱ्या आपल्या लोकांनी अद्याप का शोधून काढला नाही, ह्याचे आम्हांस कोडे आहे. मोहरीच्या तेलाचा वास आठ दिवस नाकास टोचतो. नवव्या दिवशी त्याच्यावाचून जेवण अळणी लागते.

हे सारे आम्ही पुस्तकांतून शिकलो नाही. घर मिळेपर्यंत आमचे कुटुंब पुण्यासच होते. ते आठ महिने आम्ही एका चटकलीच्या दारासमोरच्या भाताच्या हॉटेलात दोन्ही वेळा जेवलो. मालकांस सारे 'दादा' म्हणत. स्वयंपाक त्यांच्या पत्नी करीत. त्या सर्वांच्या 'बउदी', म्हणजे वहिनी. पहिल्या दिवशी त्यांनी मुलूख विचारला. आम्ही महाराष्ट्र म्हणताच दादा मागे वळून ओरडले, 'बर्गी आले आहेत, भात जरा जास्त वाढ!' सारे बाक हसले.

आम्ही मात्र जरा शरमलो. 'बर्गी' हा आपला बारगीर. १७४२ ते १७५१ ह्या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी बंगाल्यात वरचेवर उतरल्या. कलकत्त्याने त्यांच्या भीतीने 'मराठा खंदक' खणला. अखेर अलीवर्दीखानाने वर्षाला बारा लाख देण्याचे कबूल करून तह केला. आपल्या इतिहासात ती पराक्रमाची पाने आहेत. येथे मुलांना झोपविताना आया ज्यांची भीती घालतात ते आपण आहोत. बंगाली अंगाईत बर्गी आहे, बुलबुलांनी खाल्लेले धान्य आहे, आणि आता खंडणी कोठून द्यावी ही चिंता आहे. सखाराम गणेश देउस्करांसारख्या मराठी माणसाने बंगालीत 'देशेर कथा' लिहिली आणि त्यांच्या सांगण्यावरून १९०४ साली रवींद्रनाथांनी शिवाजीमहाराजांवर कविता लिहिली, तेव्हा ही आठवण थोडी निवळली. तथापि हॉटेलातल्या बाकावर आम्ही बर्गीच राहिलो. दादा रोज विचारीत, 'काय बर्गीमहाशय, आज चौथाईत काय घेणार? पारशे की ट्यांगरा?' आणि मासळी न खाता वाढलेल्या आम्हांस बउदींनी काटे कसे काढावेत येथपासून शिकविले. पावसाळ्यात एक दिवस इलिश आला. त्याचा लहानसा तुकडा त्यांनी आमच्या पानात न मागता ठेवला आणि वहीत मांडला नाही.

ती वही म्हणजे उधारीची वही. गिरणीचा पगार होईपर्यंत सारे वहीवरच जेवत. ह्या वहीकडे आपण पुन्हा येऊ.

दुपारी चारनंतर मुडीची वेळ. मुडी म्हणजे चुरमुरे. आपल्या भडंगाचा हा बंगाली चुलतभाऊ. कच्चे मोहरीचे तेल, खोबऱ्याचे काप, मिरची, उकडलेला बटाटा घालून डब्यात खडखडवून कागदाच्या पुडीत देतात. सोबत 'तेलेभाजा', म्हणजे भजी : वांग्याची बेगुनी, कांद्याची पेंयाजी, आणि आलूर चॉप. ह्या शेवटच्यास बटाटेवडा समजून खाल्ल्यास निराशा होईल. चॉप म्हणूनच खाल्ल्यास होणार नाही. वाटाण्यांची घुगनी पाहून मात्र मिसळीची तहान बरीच भागते. वरून फरसाण टाकण्याचा मोह झाला तर घरी टाकावे.

संध्याकाळी रस्त्यावर लाल कापड गुंडाळलेले मोठाले हंडे दिसू लागतात. ही बिर्याणी, आणि तीत बटाटा असतो. बजबजची गाडी संतोषपूर, आक्रा ओलांडून येते, त्या बाजूसच मटियाबुर्ज आहे. राज्य गेल्यावर १८५६ साली लखनौचे वाजिद अली शाह तेथे येऊन राहिले आणि १८८७ साली तेथेच वारले. त्यांच्या खानसाम्यांनी बिर्याणीत बटाटा घातला असे सांगतात. कोणी म्हणतात गरिबीमुळे, कोणी म्हणतात बटाटा तेव्हा नवलाईचा होता म्हणून. काही असो, निर्वासित राजाच्या स्वयंपाकघरातून निघालेला तो बटाटा आज हातगाडीवरच्या पानापर्यंत पोहोचला आहे आणि मांसाच्या तुकड्यावरून नव्हे, तर बटाट्यावरून गिऱ्हाइकांची भांडणे होतात.

हातगाडीवरच्या 'चौमिन'लाही येथे कूळकथा आहे. बजबजपासून थोडे दक्षिणेस नदीकाठी आछिपूर आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या काळी आछिउ नावाच्या चिनी गृहस्थाने तेथे जमीन मिळवून ऊस लावला व साखरेचा कारखाना काढला. बंगाल्यातील चिनी वस्तीचा हा आरंभ समजतात. नदीकाठी घोड्याच्या नालाच्या आकाराची त्यांची तांबडी समाधी आहे आणि जवळ देऊळ आहे. चिनी नववर्षाच्या सुमारास कलकत्त्याची चिनी कुटुंबे येथे पूजेस येतात, नैवेद्य आणतात आणि घरचे डबे उघडून एकत्र जेवतात. आम्ही एका वर्षी तो सोहळा दुरून पाहिला. आजोबा, सुना, नातवंडे, सतरंज्या, डबे. पोरांना मातृभाषा नीट येत नाही म्हणून वडीलधाऱ्यांची कुरकूर आणि पोरांचे आपसांत बंगालीत बोलणे. आमच्या पत्नी हळूच म्हणाल्या, 'अगदी आपली कोजागिरी!'

गोडाविषयी थोडक्यात सांगतो, कारण हा विषय थोडक्यात आटोपणारा नाही. आपण दह्याचे पाणी काढून चक्का करतो आणि श्रीखंडावर थांबतो. बंगाली माणूस दूध फाडून छाना करतो आणि मग थांबतच नाही. बजबजला मातीच्या मडक्यातील तांबूस मिष्टी दोई घ्यावे आणि हिवाळ्यात नोलेन गुडाचा, म्हणजे खजुरी झाडाच्या नव्या रसाच्या गुळाचा, संदेश. आपल्याच जिल्ह्यातील जयनगरचा 'मोआ' त्या दिवसांत येतो. सुवासिक कनकचूर भाताच्या लाह्या आणि तोच गूळ ह्यांचा हा लाडू. २०१५ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. पौषसंक्रांतीस शेजारणीकडून 'पाटिसाप्टा' आला तर उघडून पाहावे. आत मोदकाचे सारण सापडेल. त्या दिवशी आपला तिळगूळ त्याच ताटलीतून परत जातो. रिकामी ताटली पाठवू नये हे दोन्ही घरांना ठाऊक असते.

नदीकाठी नव्याने निघालेल्या उपाहारगृहांबद्दलही बोललेच पाहिजे. बाटा कंपनीने १९३४ च्या सुमारास जे बाटानगर वसविले, तेथील जमिनीच्या काही भागावर आज नवी वसाहत आहे. तिच्या आसपास आणि उड्डाणपुलापलीकडे कॉफीची, मोमोची, काचेच्या भिंतींची दुकाने आली आहेत. त्यांना नावे ठेवण्याची आमच्या वयाच्या लोकांना खोड असते. आम्ही ती ठेवणार नाही. तेथे स्त्रिया एकट्या निर्धास्त बसू शकतात, हात धुण्याची सोय असते, आणि आमच्या सूनबाई तेथे दोन तास वाचीत बसल्या तरी कोणी पान उचलून 'पुढचा' म्हणत नाही. भाताच्या हॉटेलात ही सोय नव्हती. बउदी सोडून आम्ही तेथे आठ महिन्यांत दुसरी बाई पाहिली नाही, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा तेथेही जावे. नदीवरून येणारा वारा उत्तम आहे, आणि त्याचे पैसे अद्याप वेगळे लावीत नाहीत.

परंतु तेथे बसले असता आम्हांस गिरणगाव आठवते. बजबजच्या धक्क्यावरून लाँचने पलीकडे गेले की बाउडिया लागते. १८१८ साली तेथे फोर्ट ग्लॉस्टरची कापडगिरणी निघाली. मुंबईची पहिली गिरणी १८५४ ची. आपल्या मुंबईत गिरण्यांभोवती लालबाग-परळच्या चाळींत खानावळी वाढल्या. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले हजारो कामगार त्या लहानशा खोल्यांत जेवले, आणि त्या बायकांच्याच हातच्या अन्नावर गिरण्या चालल्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव ह्यांनी ह्या खानावळवाल्या बायकांचे 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले. मग १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संप विधिपूर्वक कधी संपलाच नाही. गिरण्या गेल्या, जेवणारे गेले, खानावळींच्या वह्यांतील आकडे वह्यांतच राहिले. आज त्याच जागांवर उत्तम उपाहारगृहे आहेत. आपली मुले मुंबईस गेली की तेथे जेवतात आणि आम्हांस छायाचित्रे पाठवितात. अन्न खरोखरच चांगले दिसते.

बजबजच्या काही चटकली आजही चालतात, काही अधूनमधून बंद पडतात. 'वस्ती वर येत आहे' असे सारे म्हणतात, आणि ते खरे आहे. वर येताना कोण खाली राहते, एवढे विचारण्याचे भान गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसास तरी असावे.

आता ती वही. १९८० च्या पावसाळ्यात घर मिळाले आणि आमचे कुटुंब आले. ते दोन दिवस सामान लावण्यात गेले, मग घरच्या वरणभाताची सवय लागली. दादांच्या वहीत आमच्या नावे नऊ दिवसांचे सव्वीस रुपये निघत होते. उद्या देऊ म्हणता आठवडा गेला. मग उशीर झाल्याची लाज वाटू लागली, आणि त्या लाजेने आम्ही तो रस्ताच टाळू लागलो. सत्य सांगावयाचे तर त्यात दुसरेही काही होते. कचेरीतील हुद्दा वाढला होता, आणि चटकलीच्या दारातल्या बाकावर पत्नीस घेऊन बसावे असे आम्हांस वाटले नाही. पुढे काही वर्षांनी ती गिरणी पाच महिने बंद राहिली. त्या काळात दादांनी वहीवर भात वाढणे थांबविले नाही, असे एका कामगाराने आम्हांस बाजारात सांगितले. त्याच आठवड्यात आम्ही पैसे घेऊन गेलो. दाराला कुलूप होते. दादा आणि बउदी आपल्या गावी निघून गेली होती. गाव कोणते, हे शेजाऱ्यांस सांगता आले नाही. वही त्यांनी बरोबर नेली की काय, हेही कोणास ठाऊक नव्हते. तेथे आज मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे.

सव्वीस रुपये ही रक्कम हल्लीच्या एका कॉफीत साखरेसारखी विरघळून जाईल. परंतु दादा आम्हांस थट्टेने बर्गी म्हणत होते आणि आम्ही ते नाव खरे करून दाखविले, हे आम्हांस अजून विसरता आलेले नाही. आमच्या पूर्वजांनी निदान तह तरी केला होता.

मित्रहो, पन्नास वर्षे आपण ह्या मंडळात पुरणपोळी, श्रीखंड आणि आळूची भाजी जिवंत ठेवली. ते करावयासच हवे होते, आणि ज्या माउलींनी गणपतीत दोनदोनशे पानांचा स्वयंपाक ह्या परमुलखात केला त्यांस आमचा नमस्कार आहे. परंतु आपल्या पंगतीस आपण पन्नास वर्षांत किती बंगाली शेजाऱ्यांना बसविले, आणि त्यांच्या बाकावर आपण किती वेळा बसलो, ह्याचाही जमाखर्च ह्या स्मरणिकेत कोठेतरी मांडला जावा. आमच्या खात्यावर तरी बाकी निघते.

तेव्हा एक सूचना करतो. येत्या हिवाळ्यात एका रविवारी सर्वांनी, विशेषतः नव्या इमारतींतील तरुण मंडळींनी, सकाळच्या लोकलने बजबजला यावे. स्टेशनाबाहेर दोन भांड चहा, स्मारकापाशी पाच मिनिटे, मग कचुरी. आछिपूरला जाऊन यावे. दुपारी भाताच्या हॉटेलात जेवावे. तशी दोनतीन अजून आहेत, आणि त्यांतील एकात आम्ही हल्ली दर शनिवारी जातो. संध्याकाळी हवे तर नदीकाठी कॉफी घ्यावी. हॉटेलात सर्व मंडळींच्या पानांचे पैसे आम्ही देणार आहोत. रोख देणार आहोत, आणि जेवणापूर्वी. कोणी मुलूख विचारलाच तर महाराष्ट्र म्हणून सांगावे. मालक हसून काही म्हणाले तर आपणही हसावे आणि भात जरा जास्त मागून घ्यावा.

 मंडळाच्या शतकमहोत्सवासही असेच कोणी तरी खाण्याविषयी बोलो, आणि ते ऐकावयास येथे मराठी समजणारी माणसे असोत, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.